बाई म्हणजे आमच्या साळवेबाई

आमच्या दुकानात गडू कमी आणि किस्से जास्त खपतात. गडू एकदा विकला की गेला. किस्सा सांगितला की ऐकणारा आपल्या पदरचे दोन इथेच ठेवून जातो! मग साठणार नाहीत तर काय?

दशाश्वमेधाजवळच्या गल्लीत माझं तांब्याच्या गडूंचं दुकान. महाराष्ट्रातून काशीला आलेली मंडळी जाताना घरच्या देवघरासाठी गंगा भरून नेतात, तोंडाला कथलाचा डाख लावून बंद केलेले, तेच ते गडू. परवा नगरहून फोन आला. साळवेबाई गेल्या. मी दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावल्या. बघता बघता बाकावर चार माणसं जमली, चहा आला, आणि रडायचं राहूनच गेलं. कारण बसल्या बसल्या कुणीतरी म्हणालं, "नाना, तो झाडूचा किस्सा सांगा ना!"

*

साळवेबाई मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. यजमान रेल्वेत गार्ड. नव्वद सालाच्या आसपास बदली होऊन दोघं बनारसला आली, ती यजमान निवृत्त होऊन नगरला परतेपर्यंत इथेच. त्या काळी ज्यांना सरसकट 'मतिमंद' म्हणत, त्या मुलांना शिकवायचं बाईंनी रीतसर ट्रेनिंग घेतलेलं. इथल्या चर्चने आवारातली मागची खोली दिली, तिथे बाईंचा वर्ग. रविवारी त्याच चर्चमध्ये सतरंज्या घालायच्या, फुलं लावायची, उपासनेनंतर सगळ्यांना चहा द्यायचा. तेही बाईच. पगार कशालाच नाही, उत्साह सगळ्याला!

आता आपल्याकडे शाळेत शिकवते ती बाई. बनारसमध्ये मात्र बाई म्हणजे एकतर घरकाम करणारी, नाहीतर 'बाईजी', म्हणजे जुन्या काळची नाचणारी-गाणारी. हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं!

कुणाकडून तरी कळलं की रामनगरला एका मोठ्या घरात एक मुलगी आहे आणि घरचे तिला माडीवरून खाली येऊ देत नाहीत. बाई पूल ओलांडून थेट तिथे. दार उघडणाऱ्या मालकीणबाईंना म्हणाल्या, "नमस्ते. मैं बाई हूँ. बिटिया के लिए आयी हूँ."

मालकीणबाईंनी हातात झाडू दिला. "पहले आँगन कर दो."

दुसरी कुणी असती तर चिडून परत आली असती. बाईंनी पदर खोचला आणि अंगण आरशासारखं केलं. मग झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, "आँगन हो गया. अब बिटिया को लाइए. कल से हम दोनों मिलकर करेंगे!"

मुलगी दुसऱ्या आठवड्यात वर्गात होती.

*

शनिवारी बाई सगळ्या वर्गाला मुन्शी घाटावरून नावेने फिरवायच्या. पहिल्या शनिवारी नाववाला मुलांकडे बघून कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "का हो, ई सब पागल हैं का?"

बाईंचा चेहरा एकदम गंभीर. "हाँ भैया. एक कम पड़ रहा था. अच्छा हुआ आप मिल गये!"

घाटावरचे झाडून सगळे हसले. सगळ्यात जास्त तो नाववाला. पुढे शनिवारी दुसऱ्या कुणी मुलांना नावेत घ्यायला बघितलं की हा भांडायला उठायचा. "हटो! ई हमार पार्टी है!"

*

आमच्या गल्लीतले गुरुजी, यात्रेकरूंची पूजा सांगणारे, फार कडक. त्यांचा नातू बाईंच्या वर्गात जायला लागला तेव्हा आधी नातवाशी, मग सुनेशी आणि शेवटी बाईंशीच भांडण! माझ्या दुकानासमोर त्यांनी बाईंना गाठलं.

"बाई, स्पष्ट विचारतो. तुम्ही आमच्या पोराला ख्रिस्ती करणार काय?"

"गुरुजी," बाई म्हणाल्या, "सध्या बटण लावायला शिकवत्येय. बटणापुढे गेलो की बोलू."

वर्षभराने एका सकाळी घाटावर, गुरुजींचा संकल्प चालू असताना, पुढे पुण्याचं आख्खं कुटुंब हातात पाणी धरून बसलेलं, आणि नातू पायऱ्या उतरून आला. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, स्वतःची स्वतः! गुरुजींनी मंत्र मध्येच सोडला.

"लावलीन! सगळी लावलीन!"

पुण्याचे यजमान हात जोडून म्हणाले, "गुरुजी, हे आम्हीही म्हणायचं का?"

*

आता आमच्या मंगलचं. मंगल माझी थोरली. सतरा वर्षांची झाली तरी बोलणं दोन-चार शब्दांचं. आणि एकच नाद: घरातलं प्रत्येक भांडं उलटं करून पाण्याच्या हौदात दाबून धरायचं. आमची आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, घर तिच्याच हातात. ती ओरडून दमायची. पाहुणे आले की मंगलला आतल्या खोलीत बसवायची. वाईट नव्हती आक्का. लोक हसतात ते तिला बघवायचं नाही.

बाई एकदा घरी आल्या, पाच मिनिटं हौदापाशी उभ्या राहिल्या आणि मला हाक मारली.

"नाना, उलटा गडू पाण्यात दाबला आणि सांध्याला भोक असलं, तर काय होतं?"

"बुडबुडे येतात."

"मग ही खोड नाही हो. ही नोकरी आहे!"

दुसऱ्या दिवसापासून मंगल दुकानात, पुढ्यात बादली. गडू दाबायचा, बघायचं. बुडबुडा आला की "गेला!" म्हणून बाजूला. माझ्या डोळ्यांना कधी न दिसलेली भोकं तिला दिसायला लागली. सोलापूरचं, नाशिकचं गिऱ्हाईक "गळणार नाही ना?" विचारायचं, मी म्हणायचो, "मंगलने पास केलाय!"

आमचा तांबट तर महिन्याभरात जेरीस आला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सेठ, बिटिया जब सो रही हो तब बताइएगा. माल तभी लाऊँगा!"

*

आणि शेवटचा. हा पीटर साहबांचा.

पीटर साहब म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. इस्त्रीचा माणूस. 'बाई' शब्द त्यांच्या कानाला टोचायचा. "मैडम कहलवाइए. बनारस में बाईजी नाचनेवाली को कहते हैं."

"मैं नाचती नहीं साहब," बाई म्हणाल्या, "नचाती हूँ!"

तेव्हापासून साहबांचा त्यांच्यावर दात. मागची खोली त्यांना भजनमंडळीच्या सरावाला हवी होती. एका वर्षी नाताळाच्या आधी त्यांनी अट घातली, "बड़े दिन के प्रोग्राम में आपके बच्चे भी आयें. एक भी गड़बड़ हुई, तो चाबी उसी शाम मेरे हाथ में."

खोली गेली असती तर वर्ग संपला. ही मुलं बघून दुसरा कुणी घरमालक जागा देत नव्हता, मी स्वतः हिंडलो होतो. तरी बाई "मंजूर!" म्हणून मोकळ्या. आणि येशूजन्माच्या नाटकात देवदूत कोण? मंगल!

देवदूताला शब्द दोनच. मेंढपाळ घाबरतात, देवदूत म्हणतो, "डरो मत." पण आमच्या पिढ्या बनारसमध्ये गेल्या. घरच्या मराठीत हिंदी अशी मुरली आहे की 'भिऊ नका' आमच्याकडे कुणी म्हणत नाही. आम्ही 'डरू नका' म्हणतो. लाइट गेली की आक्का अंधारातून तेच ओरडते. बाई शिकवायच्या "डरो मत", मंगल म्हणायची "डरू नका". दोन महिने हेच! पीटर साहब तालमीला येऊन मान हलवून जायचे.

आक्का म्हणाली, "नाना, पोरीचं चारचौघांत हसं करू नकोस." पण त्या संध्याकाळी स्वतःच शाल पांघरून आली. "मी नुसती तिचे पंख सांभाळायला आल्ये," म्हणाली.

चर्च खच्चून भरलेलं. पीटर साहब स्टेजवर भाषण करतायत, शिस्तीवर. मागे स्टुलावर पंख लावून मंगल उभी. तिची पाळी यायला अजून बराच अवकाश. आणि लाइट गेली!

बनारसचा अंधार तो. पोरं रडायला लागली, बाकडी सरकली, कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय दिला. "जनरेटर! अरे जनरेटर!" पीटर साहब अंधारात चाचपडत ओरडले. स्टेजच्या कडा दिसत नाहीत, पुढे टाकलं पाऊल की खाली.

तेवढ्यात अंधारातून आवाज आला. खणखणीत, अगदी आक्काच्या सुरात.

"डरू नका! लाइट येते!"

चर्च चिडीचूप झालं. रडणारी पोरंसुद्धा. आणि त्या शांततेत पीटर साहब, हळूच:

"ठीक है बिटिया. नहीं डरते."

लाइट आली. पीटर साहब स्टेजच्या अगदी काठावर, आणि स्टुलावरून उतरून आलेल्या देवदूताचा हात त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलेला! टाळ्या अशा पडल्या की मेंढपाळ आपला प्रवेशच विसरले.

कार्यक्रम संपल्यावर बाई सरळ साहबांपुढे गेल्या आणि पर्समधून चावी काढली. "साहब, गड़बड़ तो हुई. लाइन हिंदी में थी, बच्ची ने मराठी में बोल दी. वो भी टाइम से पहले."

साहबांनी चावी घेतली. समोर मंगल पंखांसकट आक्काच्या मांडीवर बसून केक खात होती, आणि आक्का येईल-जाईल त्याला सांगत होती, "आमची आहे, आमची!"

साहबांनी ते बघितलं. मग चावी परत बाईंच्या हातावर ठेवली.

"रखिए, बाईजी!"