संदेशने निवडलेला आवाज

आमच्या बँडच्या अल्बमची शेवटची फाइल आली त्या दुपारी मी डोंबिवलीला घरीच होतो. ऐकून झाल्यावर संदेशला पाठवायला फोन उचलला, तर त्याच्या आईचाच कॉल आला. "मंगेश, संदेश गेला रे," काकू एवढंच म्हणाल्या. कोपरीला त्यांच्या घरी मी कसा पोचलो ते आता नीट आठवतही नाही...

संदेश आमच्या बँडचा गायक, मी बास वाजवतो. आमचं संगीत मेलडिक हार्डकोर. नवख्या माणसाला आधी नुसतं ओरडणंच ऐकू येतं, मग हळूहळू त्याच्याखाली चाललेली गिटारची गोड चाल कळायला लागते. संदेशचे वडील जयंतीच्या कार्यक्रमांत गायचे, त्यामुळे स्टेजची भीती त्याला कधी नव्हतीच. मराठीत हे असलं कोण ऐकणार, असं म्हणणारे पुढे आमच्या कार्यक्रमात स्टेजला चिकटून उभे राहायचे. मग एका हिवाळ्यात त्याचा घसा बसला तो बसलाच. तपासण्यांत कॅन्सर निघाला आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं.

तो घरी आल्यावर बँड बंद करतोय हे सांगायला आम्ही गेलेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, फोनवर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. "गळा माझा गेलाय. तुमचे हात शाबूत आहेत ना?" नवीन गायक शोधायचं काम त्याने स्वतःकडेच घेतलं. येणारी बहुतेक पोरं त्याचीच नक्कल करायची, त्यांना तो हसून परत पाठवायचा. मग कल्याणची दीपाली आली. आगरी घरातली मुलगी, आई लग्नांत धवळे गाणारी. माइकसमोर उभी राहून ती म्हणाली, "दादासारखा मना नाय जमणार. माझ्यासारखा गाईन." गाण्याच्या मधेच तिने ओरडणं सोडलं आणि एक ओळ अशी लांब, उंच ओढली की मी गोंधळून वाजवायचाच थांबलो. मला ते पटलं नव्हतं. पण ऑपरेशननंतर पहिल्यांदाच संदेश खांदे हलवून, आवाज न करता, पोटभर हसला. "हिलाच घ्या," त्याने टाइप केलं.

दीपालीचं पहिलं गाणं बाहेर आलं आणि लोकांनी नको नको ते लिहिलं. संदेश नाही तर बँड नाही, असं म्हणणारे आमचे जुने मित्रही होते. तिने यायचं बंद केलं. तेव्हा संदेश आईला सोबत घेऊन, तसल्या तब्येतीत, कल्याणला तिच्या घरी गेला. "लोकांना माझी आठवण येते, यात तुझी काय चूक? तू तुझं गा," असं त्याने तिला लिहून दाखवलं, हे तिने मला कितीतरी नंतर सांगितलं. पुढच्या रविवारी ती आली. श्वास कुठे घ्यायचा, कुठे दम राखायचा, हे तो तिला हाताने ठेका धरून दाखवायचा. अल्बमच्या शेवटी त्याचं एखादं जुनं रेकॉर्डिंग टाकू या, असं मी सुचवलं तेव्हा मात्र त्याने चिडून टाइप केलं. "मी अजून मेलेलो नाही. आणि मेलो तरी हा अल्बम तिचा आहे."

तो गेल्यावर ठाण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही तो अल्बम वाजवला. सुरुवातीला समोरचे नुसते रडत होते. नंतर कधीतरी ते दीपालीबरोबर गायला लागले, आणि मीही तिच्याकडे बघत वाजवतोय हे माझ्या लक्षात आलं.

आमची प्रॅक्टिस संदेशच्या घरातल्या मागच्या खोलीत चालायची. सामान न्यायला गेलो तर काकूंनी दारातच अडवलं. "खोली मोकळी करा असं कोणी सांगितलं तुम्हाला?" म्हणून गेल्या रविवारी पुन्हा तिथे जमलो. कोपऱ्यात संदेशची प्लास्टिकची खुर्ची तशीच होती, तिच्यावर बसायला कोणी धजत नव्हतं. आम्ही एक नवीन गाणं बसवायला घेतलं, त्याने न ऐकलेलं पहिलंच. दीपाली एका ओळीवर अडली आणि सवयीने तिने खुर्चीकडे पाहिलं. आम्ही सगळेच थांबलो... चहा घेऊन आलेल्या काकूंनी ट्रे खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यावर बसल्या.

"थांबलात का?" त्या म्हणाल्या. "पुन्हा घ्या ना."

आम्ही पुन्हा घेतलं.