तोंडात धरलेले मूग

वहिनीचा फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. "हे गेले गं," एवढंच ती म्हणाली, आणि मग बराच वेळ फोनमधून नुसता माशांच्या टँकमधला बुडबुड आवाज येत राहिला... म्हणजे ती दादाच्या खोलीतच बसली होती. आम्ही दोघी ते बुडबुडे ऐकत राहिलो.

गंगापूर रोडवरच्या त्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत माझ्या थोरल्या भावाने वीस-बावीस वर्षं आफ्रिकेतल्या तळ्यातले मासे पाळले, वाढवले, त्यांची पिल्लं पाहिली. पिवळे, निळे, भांडखोर मासे. त्यांना नाशिकचं गोडं पाणी चालायचं नाही, क्षारांचं जड पाणी लागायचं. मग हा वहिनीच्या माहेराहून, चांदवडहून, बोअरच्या पाण्याचे कॅन भरून आणायचा. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून तिथले लोक नावं ठेवतात, तेच पाणी. मी चिडवायचे, "लोक नाशिकहून गंगा घेऊन जातात, आणि तू इथे बोअर घेऊन येतोस!" तो म्हणायचा, "माझ्या माशांचं तीर्थ तिकडेच आहे."

पडदे ओढलेल्या त्या खोलीत दुपार निळसर व्हायची. मी जायचे पाच मिनिटांसाठी आणि चहा निवून जायचा. एकदा एक पिवळी मादी दगडाआड एकटीच उभी दिसली, गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं. समोरून खाणं तरंगत जात होतं, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "ही का अशी मूग गिळून बसलीय?" मी विचारलं. दादा हसला. "गिळले नाहीत, धरलेत. तोंडात अंडी आहेत तिच्या, मुगाएवढीच. पिल्लं मोठी होईपर्यंत तीन आठवडे काही खाणार नाही." मग आम्ही दोघं कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसलो... बाहेर कुठेतरी भाजीवाला ओरडत होता, तो फार लांबच्या गावातला वाटत होता.

माझ्या मुक्ताच्या लग्नात मामा म्हणून तो तिच्या पाठीशी उभा राहिला. शर्ट अंगावर लोंबत होता. "डाएट का?" मी विचारलं, तर नुसता हसला. लग्नानंतर पंधरा दिवसांनी मला बोलावून त्याने पोटातल्या आजाराचं सांगितलं. दोन महिने आधीच कळलं होतं त्याला, आणि आता करण्यासारखं फार उरलं नव्हतं.

मी भडकले. "दोन महिने मूग गिळून बसलास?"

"गिळले कुठे," तो शांतपणे म्हणाला, "धरले होते. पोरीचं लग्न होऊ दिलं."

खरं सांगते, मी अजून त्याला माफ केलेलं नाही. त्या दोन महिन्यांत मी हॉल, साड्या, केटरर यांत हरवले होते. त्याच्याजवळ बसायचे दिवस होते ते.

शेवटची भेटले तेव्हा त्याने खुर्चीतूनच बोट दाखवलं. "त्या पिवळीने परवाच धरलेत. सोडेपर्यंत तिला कोणी त्रास देऊ नका." पुढच्या आठवड्यात तो गेला. घर माणसांनी भरलं, मुलं काचेवर टकटक करायला धावली, तेव्हा एरवी कधी कोणाला काही न बोलणाऱ्या वहिनीने खोलीला कडी घातली आणि किल्ली द्यावी तशी त्या पिवळीची जबाबदारी माझ्याकडे दिली. सकाळ-संध्याकाळ मी आत जाऊन बघायचे. तोंड मिटलेलंच असायचं. ते मिटलेलं राहावं, एवढंच त्या दिवसांत मी देवाकडे मागत होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, दगडापाशी धुळीचे कण हलावेत तसं काहीतरी हललं. मी पुढे वाकले. माझी सावली पडली तशी ती सगळी इवलीशी पिल्लं वळली आणि आईच्या उघड्या तोंडात पुन्हा शिरली. मी हळूच मागे सरकून दादाच्या खुर्चीत बसले. त्याने ती टँकपासून एवढी लांब का ठेवली होती, ते तेव्हा कळलं.

थोड्या वेळाने तिने पुन्हा तोंड उघडलं. वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. "सोडली का गं?" तिने हळूच विचारलं. मी नुसती मान डोलावली. तोंड उघडलं असतं तर मोठ्याने रडले असते, आणि पिल्लं नुकतीच बाहेर आली होती.