नाक घरी आहे का

"आज नाक गावाला गेलंय," म्हणून ती हसायची. डोळे मिटून उजवा हात लांब करायचा आणि बोट नाकाच्या शेंड्याला लावायचं, हा तिचा रोजचा नेम. बोट नाकाला लागलं तर "हाय घरी". गालाला किंवा डोळ्याला लागलं तर नाक गावाला. मग त्या दिवशी ती इंजेक्शनची सुई हातात धरायची नाही.

मंठाळकडच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि ती नर्स. भालकीची, बौद्ध घरातली. मला अण्णा म्हणायची, मी तिला अक्का. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, दवाखान्यावरची पाटी बदलली. गावाची नाकं मात्र तिला पाहिलं की मुरडायचीच. लोक सुईसाठी दंड पुढे करत आणि तिनं दिलेलं पाणी ओतून देत. माझी सख्खी आई "औषिधाला इटाळ नसतो" म्हणत तिच्याकडून टोचून घ्यायची आणि घरी येऊन डोक्यावरून पाणी घ्यायची. मला शिसारी यायची.

"जाऊ द्या अण्णा," अक्का म्हणायची. "त्या निमित्तानं आंघोळ तरी व्हायलीय."

तिचा हात आधी बधिर झाला, मग बोटं ऐकेनाशी झाली. हैदराबादच्या एका डॉक्टरनं तिच्यापुढे भोकं पाडलेली फळी ठेवली आणि घड्याळ लावून बारीक खुंट्या एकेक करून भोकात बसवायला लावल्या. मग सांगितलं, मेंदूतल्या नसांवरचं आवरण झिजतंय. ताकद राहील, बारीक काम जाईल, उन्हात जास्त होईल. नाकाचा खेळ त्यानंच शिकवला. परत येऊन तिनं हे सगळं मला हसत हसत सांगितलं.

तिचं मागणं एवढंच होतं की सुया काढून घ्या, दुसरं कुठलंही काम द्या. एखाद्या लेकराला आपल्या हातून इजा होईल, याची तिला भीती होती. वरून उत्तर आलं की आधी तपासणी होईल.

तुम्हीही असले साहेब पाहिले असतील. उन्हाळ्याचे दिवस, पण हा तपासणीला आला भल्या सकाळी, गार वाऱ्यात. नाकाला रुमाल. तिनं दुखण्याचं नाव सांगताच म्हणाला, "हे विलायतेतल्या गोऱ्यांचं दुखणं. तुमच्या लोकांत कुठून येणार?"

'तुमच्या लोकांत' म्हणजे कोणाच्यात, ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

हात तपासायचा तर तो हातात घ्यावा लागतो. साहेबानं शिपायाला पुढे केलं. "याचा हात दाबा."

तिनं दाबला. शिपाई कळवळला. "ताकत भरपूर हाय साब!"

सगळे हसले.

"साहेब, ताकत न्हाई, नेम बघा," ती म्हणाली. "ही सुई ह्या बाटलीच्या बुचात घालायला लावा. न्हाईतर दुपारी बघा."

साहेबाला पाटलाकडे जेवायला जायचं होतं. 'हात ठणठणीत, काम टाळते; सुया हिनंच टोचाव्यात' असा शेरा मारून तो उठला आणि तिला न शिवलेले हात त्यानं साबणानं खसाखसा धुतले. आजही आठवलं की थुंकावंसं वाटतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

त्याच दुपारी लस टोचायची होती. पत्रे तापले होते. पाटलाची सून लेकराला घेऊन आली, मागं स्वतः पाटील. मी सुई भरून अक्काच्या हाती दिली. तिनं ती डाव्या हातात घेतली, डोळे मिटले आणि उजवं बोट उचललं. ते थेट डोळ्यात गेलं. तिनं सुई खाली ठेवली.

"नाटक करायलीस व्हय?" पाटील ओरडला. "सायबानं हात पास केलाय. घाल सुई!"

"हात माजा हाय मालक, पन लेकरू तुमचं हाय." ती माझ्याकडे वळली. "अण्णा, तुमी टोचा."

मी टोचलं. थोड्याच दिवसांत हुकूम मोडला म्हणून तिला निलंबित केलं. पाटलानं तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती. जिनं त्याच्या नातवाला जपलं, तिच्याविरुद्ध! असल्या माणसांत मी जन्मलो, त्यांच्यातच म्हातारा झालो.

ती भालकीला भावाकडे गेली. तिथं मी तिला शेवटचं पाहिलं. खाटेवर पडून होती, दोन्ही हात चादरीवर टाकलेले. तिच्या भावजयीनं मला चहा दिला.

"कामून असं बघायलाव, अण्णा?" अक्का म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. "नाक घरी हाय का बघा की."

मी रिकामा पेला खाली ठेवला. तिचा हात हातात घेतला. वाटलं होतं त्याहून जड होता. बोट सरळ करून नाकाच्या शेंड्याला लावलं.

"हाय की घरी," ती म्हणाली.

मी तो हात लगेच खाली ठेवला नाही.