माझी भांडखोर शेजारीण

आमच्या चिंचवडच्या पत्र्याच्या चाळीत माझ्या शेजारणीइतकी भांडखोर बाई दुसरी झाली नाही, असं आजही कुणीही सांगेल. ती माझ्याशी कधी भांडलीच नाही, हे मात्र मी एकटीच सांगू शकते.

ती नागपूरकडची. लहानपणापासून सिकलसेलचं दुखणं. तिकडच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं होतं, की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात. बरं होणार नाही, ऊब ठेवा, पाणी भरपूर प्या. आमच्याकडे हे नाव कुणी ऐकलेलंच नव्हतं. चाळीनं ठरवलं की हा वात आहे, आणि जी ती आपलं औषध घेऊन आली. कुणी निर्गुडीचा पाला, कुणी एरंडाची पानं, कुणी लसणाचं तेल. ती सगळं निमूट लावून घेई आणि मी शाळेत शिकवते म्हणून मार्क मात्र मला येऊन सांगे. निर्गुडीच्या शेकाला साठ. लसूण काठावर पास. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवणारीला शून्य दिलं, कारण त्यानंतर दोन दिवस तिला उठता आलं नव्हतं. पहिला नंबर तव्यावर भाजलेल्या खड्या मिठाच्या पुरचुंडीचा. पाणी ती तांब्यानं नाही, कळशीनं प्यायची. सांधे चोळून घेताना मोठमोठे श्वास घ्यायची आणि मधेच म्हणायची, "बाई, तुमचा हात हलका हाय जी, पण तोंड जड हाय."

माझ्या त्या तोंडाचाच तिला उपयोग होता. तिचा नवरा एका कारखान्यात, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपला बदली कामगार होता. बदलीवाल्याला बहुधा तिसरी पाळी. सकाळी येऊन तो दुपारपर्यंत झोपे. तिच्या दुखण्यापायी खाडे पडून त्याचं नाव पर्मनंटच्या यादीतून दोनदा गळलं होतं. आता पुन्हा यादी लागायची होती आणि तोवर एकही खाडा चालणार नव्हता. अडचण अशी, की प्रेसच्या धडधडाटात काम करणाऱ्या त्या माणसाला कसल्याही आवाजानं जाग येत नसे, पण हिच्या कण्हण्यानं तो ताडकन उठे, आणि उठला की तिला सोडून रात्री कामावर जात नसे.

म्हणून थंडीतल्या सकाळी कळ उठली, की ती भिंत धरत माझ्या खोलीत येई. माझी शाळा दुपारची असे. मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. कण्हलेलं पलीकडे स्पष्ट ऐकू जाई. मी गुडघ्यावर मीठ ठेवी आणि ती हळूच विचारी, "आज नळ घेऊ का दोरी?" नळ म्हणजे पाण्याचा नंबर, दोरी म्हणजे वाळत घालायची. मग आमचं भांडण सुरू. जिथं किंचाळावंसं वाटे तिथं ती मला शिव्या घाली. एकदा तिला शब्दच सुचेनात, तेव्हा दोन्ही बाजूंनी मीच भांडले. एकदा ती माझ्या आमटीला धुणं धुतलेलं पाणी म्हणाली आणि मला खरंच लागलं. मी खरोखरीची चिडले. ती घामानं भिजलेली, तरी हसली. म्हणाली, "तुमाले खरा राग आला का मले बरं वाटते जी." पलीकडे नवरा कूस बदलून झोपलेला.

मी तिला दवाखान्यात चल म्हणून सांगून थकले. ती म्हणे, यादी लागू द्या. यादी लागली, तो पर्मनंट झाला. मी म्हटलं, आता सांग त्यांना. तर म्हणाली, "नको. त्याले वाटन, मी त्याच्या नोकरीसाठी दाबून ठेवलं. जलमभर खात राहील ते त्याले." माझ्याकडून तिनं तसा शब्द घेतला.

पुढच्या थंडीत छातीत कळ आली. नवऱ्यानं सरळ रजा टाकली आणि तिला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळी चाळ जमली होती. बुद्धवंदना झाल्यावर तो माझ्यापाशी येऊन बसला. म्हणाला, "बाई, तिचं तोंड फटकळ होतं. मनानं वाईट नव्हती. तुमी मनात काई ठेवू नका जी."

मी म्हटलं, "नाही ठेवत. मीही काही कमी बोलले नाही."

तो म्हणाला, "शेवटच्या दिवशी सारखी तुमचंच नाव घेत होती. बाईले बोलवा, बाईले बोलवा. मी म्हटलं, आता कायले भांडण करतं. नाई बोलावलं मी तुमाले."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला.

"बरं केलंत," मी म्हटलं.