अगदी स्वच्छ आवाज

आपलं बोलून झाल्यावर उत्तर ऐकायला माइकच्या बटणावरून उचललेलं बोट किती आशाळभूत दिसू शकतं, ते मी शेजारच्या नानांच्या घरी पाहिलं. निवृत्तीनंतर त्यांना हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी गप्पांचा, जुना नाद पुन्हा लागला होता. हौस एकच, नागपूरच्या जुन्या दोस्ताशी, बापूशी, पूर्वीसारखं हवेतून बोलायचं.

"नवा सेट घ्या," जुना सेट घेताना मी बाजारात डिवचलं होतं. "या डबड्याचा आवाज गल्लीबाहेर जायचा नाही."

"एरियल उंच बांधली की स्वस्तातलाही पोचतो."

आणि पोचला हो! नागपूर बोललं, खुद्द बापू. हॅमवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे आधी आवाजाची पावती आली, "अगदी स्वच्छ ऐकू येतंय. झकास सेट!" मग, "आपण कोण म्हणालात?"

नानांनी नाव पुन्हा सांगितलं.

"असं, असं. आपण पूर्वी बोललोय का कधी?"

मला हसू आवरेना. स्वस्त वस्तूंवर आपली केवढी भिस्त असते! ऐनवेळी त्या बिघडतात आणि आपली अब्रू वाचते. हा मेला सेट मात्र प्रामाणिक निघाला.

नानांनी तो बंद केला, वर फडकं टाकलं.

"स्वस्तातला माल," ते म्हणाले. "आवाज पोचतच नाही बघा."