दात माझा, विचारलं ह्यांना

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. माझ्या समोरच्या दोन दातांच्या डावीकडचा दात आतून किडला होता. कळ कानापर्यंत जायची. शेवटी शाहूपुरीतल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले. मी घाबरेन म्हणून आमचे हे बरोबर आले. मी घाबरले नव्हते.

डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, माझ्या तोंडात आरसा घातला आणि ह्यांना विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"झालं की पंधरा दिवस."

महिना झाला होता. पण उघड्या तोंडानं सांगणार कसं?

"कुठला दात?" पुन्हा ह्यांनाच.

हे माझ्यासमोर उभे होते. "डावीकडचा हाय बघा," म्हणत त्यांनी बोट दाखवलं ते माझ्या उजवीकडच्या दाताकडं. सुई तिथंच टोचायला आली. मी मान हलवली, हात वर केला.

"घाबरू नका, मुंगी चावल्यागत होतंय," डॉक्टर म्हणाले. ह्यांनी माझा हात खाली दाबून धरला. धीर द्यायला!

दात ट्रेमध्ये पडला. पांढरा, धडधाकट. मी रक्ताळलेला कापूस चावत दुसऱ्या बाजूला बोट दाखवलं, तेव्हा दोघांचेही चेहरे उतरले.

"तुम्ही बोट ह्याच दाताकडं दाखवलंत की!" डॉक्टर म्हणाले.

"मी डावीकडचा म्हटलं ते हिच्या डावीकडचा, माझ्या डावीकडचा कसा असंल? तुमी डॉक्टर, तुमाला दिसाय नको?"

बांधावरून भांडावं तसे दोघं भांडत राहिले. मधे खुर्चीत मी. मला काय वाटलं, ते कुणीच विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी एकटी गेले.

"मिस्टर न्हाईत आले?"

"दुखणारा दात आलाय. आरसा द्या." मी आरशात बघून दातावर बोट ठेवलं. "हा. आता काय विचारायचं ते मला विचारा."

त्यांनी तीनदा विचारलं आणि काढला. मी उठले नाही. कापूस तोंडात धरूनच म्हणाले, "परवाचं काय?"

"होतंय असं कधी कधी."

"होत नाही. तुम्ही केलंत."

बाहेर बाकावर बसलेली माणसं ऐकत होती. डॉक्टर हळूच म्हणाले, "चुकलं माझं, बाई."

हिरड्या भरेपर्यंत तीन महिने मी तोंडावर पदर धरून शिकवलं. मग दोन दातांची कवळी आली, टाळूला गुलाबी पट्टी आणि दोन बाजूंना तारा. दातांचा रंग मी खिडकीच्या उजेडात स्वतः निवडला. पहिले काही दिवस 'स'ची शीळ व्हायची आणि मुली वहीआड हसायच्या. घरी मोठ्यानं धडे वाचून वाचून मी जीभ वळवली.

ह्यांनी मात्र त्याचा किस्सा केला. आल्यागेल्याला सांगायचे, "हिचा डॉक्टरनं भलताच दात काढला की!" पाहुणे हसायचे आणि मी चहा ओतायची. एकदा माझ्या माहेरची माणसं बसली होती. हे हसत सुरुवात करणार तोच मी कपबशी खाली ठेवली.

"तो दात ह्यांनी दाखवला होता. आणि मी नको म्हणत होते तर माझा हात धरून ठेवला होता."

कुणी हसलं नाही. हे खिडकीबाहेर बघत बसले. पुढं त्यांनी तो किस्सा कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही, पण चुकलं असंही ते कधी म्हणाले नाहीत.