पैलवानांसकट मोजलेली उंची

मी जीपची उंची मोजली, तेव्हा जीपमध्ये दोन पैलवान बसलेले होते. दोघंही डाव्या बाजूला. ते मला दिसत होते. पण मापात ते धरायचे नसतात, एवढंच सुचलं नाही.

जीप मामाची. मामा फौजेतून सुभेदार होऊन परतला आणि सांगलीला राहिला. ही जुनी जीप मात्र त्यानं मेढ्याला माझ्या दारात ठेवली होती. तिचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पार दबलेले. वरच्या रानाकडं जाताना माणसाचे दात वाजायचे. एकदा मामानं फोनवर हुकूम सोडला, "रविवारी येतो. मला बसवून वरच्या रानापर्यंत नीट नेलीस तर जीप तुझी. न्हाईतर देऊन टाकतो कुणाला तरी."

मी पाटे काढून कॉइलओव्हर घालायचं ठरवलं. म्हणजे शॉकअप आणि त्याच्याच अंगावर चढवलेली स्प्रिंग. शॉकअपच्या नळीला आटे असतात, त्यावर एक कडी. ती पान्यानं आवळली की तेवढा कोपरा उचलतो, ढिली केली की बसतो. शॉकअप अडकवायचे ब्रॅकेट मेढ्यातल्याच एका वेल्डरनं जोडून दिले. बाकीचं घरीच करणार होतो, कारण मोबाइलवर मी त्याचे इतके व्हिडिओ पाहिले होते की प्रत्यक्ष काम म्हणजे निव्वळ उपचार उरला होता.

उचलाउचलीला तालमीतले दोघं चुलतभाऊ बोलावले. शॉकअप चढले. खालचे बोल्ट मी मुद्दाम ढिले ठेवले. चाकं टेकून वजन आल्यावरच ते आवळायचे असतात, आणि हे मला कळतं हे त्या दोघांनाही कळेल अशी व्यवस्था केली. मग स्प्रिंगा बसाव्यात म्हणून म्हटलं, "चढा आन् दाबा गाडी." त्यांनी अशी दाबली की शेजारची म्हैस दावं तोडायला निघाली. मी टेप आणायला घरात गेलो. परत येतो तो एक पुढच्या सीटवर, एक मागच्या, चिंचेच्या सावलीची बाजू धरून मोबाइलवर कुस्ती बघत बसलेले.

चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावली. डावी बाजू चांगली चार बोटं खाली! लगेच वेल्डरला फोन लावून त्याच्या हातकामाचा यथासांग उद्धार केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडीत कोण बसलंय का?"

"मी काय खुळा हाय व्हय?" मी म्हटलं.

दुपारभर डाव्या कड्या आवळल्या. जॅक लय जड जात होता. जॅकच हलक्या प्रतीचा, असं मी ठरवून टाकलं. शेवटी चारी कोपरे बरोबर आले. बोल्ट आवळले, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. खोबरं खाऊन पैलवान उतरले आणि धारा काढायला गेले. पुन्हा एकदा टेप लावायला हवी होती. पण नारळ फोडल्यावर मापं कोण घेतं?

रविवारी मामा आला. चहाचा पेला त्यानं बॉनेटवर ठेवला. पेला उजवीकडं सरकायला लागला. मामानं तो उचलला, घोट घेतला आणि जीपमध्ये बसला. मी उजवीकडं स्टेअरिंगवर, म्हणजे ती बाजू आणखी खाली. मामा डावीकडं, माडीवर बसल्यासारखा. वाटेतल्या दगडधोंड्यांचा एक धक्का लागला नाही, पण दर वळणाला मामा घसरून माझ्या खांद्यावर.

"रस्ता उतरता हाय, मामा."

"व्हय. आन् अंगणपन उतरतं हुतं जनू."

वर रानात दोघं चुलतभाऊ गवत कापत होते. मामानं हाक मारली, "काय केलंय रं यानं गाडीला?"

थोरला घाम पुसत म्हणाला, "आमाला काय म्हाईत? आमी डावीकडं बसलो हुतो. दादा उठा म्हनला न्हाई. आमाला वाटलं वजनासाठीच बसवलंय."

मामा खाली उतरला. जीपचा एकेक कोपरा दाबून पाहिला, खाली वाकून कड्या न्याहाळल्या.

"मामा, मग... तुमी जीप देऊन टाकनार?"

"जीप कशाला दिऊ? तिच्यात काय खोट न्हाई," मामा गुडघे झटकत म्हणाला. "द्यायचं झालं तर तुलाच कुणाला तरी देऊन टाकलं असतं. पन फुकट तरी कोण घील?"